लाळ्या-खुरकुताचं फाटक आणि झेब्र्यांची वाट

बोट्स्वानातल्या माऊनहून ट्रक उजाडताच निघाला. ट्रक म्हणजे मालट्रकच्या चासीवर बांधलेली उंच बॉडी. वर प्रवासी, खाली कप्प्यांत तंबू, शेगडी, पातेली. सफारी म्हटल्यावर कुणाला पाहुणचार आठवत असेल तर सांगून ठेवते, इथे तंबू आपला आपण ठोकायचा आणि भांडी पाळीपाळीने घासायची.

माकालामाबेडीजवळ पशुवैद्यकीय खात्याचं फाटक लागलं. सगळे खाली उतरलो. जंतुनाशकात भिजलेल्या चटईवर एकेकानं पाय पुसायचे, पिशवीतले बुटांचे जास्तीचे जोडही काढून बुडवायचे. ट्रकची चाकंही जंतुनाशकाच्या पाण्यातून गेली. मग फ्रीजची झडती. कच्चं मांस पुढे नेता येत नाही, त्यामुळे रात्रीचे सॉसेज तिथेच राहिले. मी शाकाहारी, मला फार दुःख झालं असं म्हणवत नाही.

हे सगळं लाळ्या-खुरकुत या गुरांच्या रोगासाठी. ओकावांगो नदीच्या दलदलीकडच्या रानम्हशी त्याचा विषाणू अंगात बाळगून मजेत हिंडतात, गुरांना लागला की मात्र पंचाईत, कारण इथलं बीफ युरोपात जातं. म्हणून १९५० च्या दशकापासून देशभर तारांची कुंपणं घातली गेली. गुरं सांभाळली गेली, पण रानातल्या जनावरांच्या वाटा तुटल्या. ओकावांगोहून मकगाडीकगाडीच्या गवताळ भागाकडे जाणारी झेब्र्यांची वाट १९६८ मध्ये अशीच अडली. ते कुंपण २००४ मध्ये निघालं. मधल्या ३६ वर्षांत जुनी वाट तुडवलेला एकही झेब्रा जिवंत उरला नसणार. तरी काही वर्षांतच कळप पुन्हा त्या वाटेला लागले! गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून मोजलं, तर सरळ रेषेत जाऊन-येऊन ५८८ किलोमीटर भरले. पाऊस पडला की जायचं, कोरड पडली की परतायचं. त्यांना कुणी सांगितलं? सिंह दिसला नाही म्हणून ट्रकमध्ये कुरकुर चालली होती, मी मात्र याच कोड्यात अडकले होते.

नाटा गावाच्या रस्त्यावर झेब्रे चक्क डांबरावर उभे होते. ट्रकच्या उंचीवरून मांड्यांवरच्या काळ्या पट्ट्यांमधली फिकट तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. फोटोत ती कधी लक्षात आली नव्हती.

नाटा ते आमच्या मुक्कामाचं गाव कसाने साधारण ३०० किलोमीटर, आणि हत्ती केव्हाही आडवे येतात. एक नर मधोमध उभा राहिला, तसं ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. हॉर्न वाजवायचा नाही, पुढे दामटायचं नाही. हत्तीनं सावकाश कान हलवले, शेण टाकलं, मग बाजूला झाला. कसानेला पोचायला अंधार झालाच, तंबू हेडलाइटच्या उजेडात ठोकले आणि कांदे चिरायची पाळी नेमकी माझी होती.