तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाच्या डोळ्यांतले थेंब

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात मी नर्स होते. निवृत्त झाले, तरी तलावपाळीवर फिरताना कुणीतरी गाठतंच, "सिस्टर, बाळ जन्मल्या जन्मल्या डोळ्यांत औषध घालतात, त्याने अपाय नाही ना होत?"

नाही होत. पण औषध कुठलं नि किती टक्क्यांचं, ते बघायचं.

परम्यासारखा (गनोरिया) लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग आईला असेल, तर प्रसूतीच्या वाटेतच तो बाळाच्या डोळ्यांत जातो आणि दृष्टीवर बेततं. १८८० च्या सुमारास लाइपझिगला डॉ. कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली. आधी दहातल्या एखाद्या बाळाचे डोळे यायचे, ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. मात्र थेंबानेच डोळे एक-दोन दिवस लाल व्हायचे, म्हणून पुढे एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचं मलम आणि २.५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन हे तपकिरी जंतुनाशक आलं. १९९५ साली केनियातल्या तीन हजारांवर बाळांच्या अभ्यासात आयोडीनच सरस ठरलं.

हा टक्क्यांचा आकडा मी उगाच धरून बसत नाही. कळव्याच्या एका बापाचा सकाळी सकाळी फोन आला. चार दिवसांचं बाळ, पापण्या सुजलेल्या, पुसलं की पुन्हा पू. "मेडिकलमधून तेच तपकिरी औषध आणलंय, घालू ना?" म्हटलं, बाटलीवरचं वाच आधी. साडेसात टक्के, स्क्रब! म्हणजे शस्त्रक्रियेआधी हात धुवायचं, साबण मिसळलेलं. डोळ्यात गेलं तर बुबुळ भाजतं. त्याने कापूस भिजवूनही ठेवला होता. ओरडलेच मी. (आजी शेजारून काजळ सुचवत होती, तेही नकोच.) जखमेवरचं १० टक्क्यांचंही डोळ्यांत चालत नाही. आणि जन्मवेळचा थेंब हा प्रतिबंध आहे. पू यायला लागल्यावर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे.

क्लॅमिडियाला, म्हणजे परम्यासारख्याच दुसऱ्या एका संसर्गाला, तर हे थेंब खात्रीने रोखतही नाहीत. म्हणूनच कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१५ साली सरसकट थेंबांऐवजी गरोदरपणीच आईची तपासणी करा म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र अजून सगळ्याच बाळांना थेंब किंवा मलम घालायला सांगते. जिथे तपासणीच होत नाही, तिथे मलाही तेच पटतं.

कळव्याच्या बाळाचे डोळे वाचले. डॉक्टरांनी आईबापाचीही तपासणी लिहून दिली. बाप म्हणाला, "माझी कशाला?"

मी म्हटलं, "आधी तुझीच."