सही कोण करणार? : आमची वाटचाल

सामाजिक संस्थांना कारभाराचा सल्ला आणि त्या चालवणाऱ्यांना नेतृत्वाचं कोचिंग, हे आमचं काम. आम्ही दोघी बडोद्याच्या, महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य शिकलेल्या. पुढे वेगवेगळ्या संस्थांत नोकऱ्या केल्या आणि दोघींनाही एकच गोष्ट सलत राहिली. काम उत्तम, माणसं जीव ओतणारी, पण सगळा कारभार एकाच माणसाच्या डोक्यात. ते काका किंवा त्या बेन आजारी पडल्या की पगार अडले, अहवाल अडला.

कंपनी कायद्याचं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करणं आलं. बडोद्याच्या आसपास रिफायनरी आहे, खतांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. इथल्या संस्थांच्या दारात पैसा येऊ लागला, तो पेलायची घडी मात्र बसलेली नव्हती. तेव्हा आम्ही नोकऱ्या सोडल्या आणि दांडिया बाजारात एक खोली भाड्याने घेतली.

सुरुवातीला लोक यायचे ते कागदांसाठी. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे फेरफार कळवावा लागतो, तो राहून गेलेला असायचा. नोंदवहीचा उतारा काढला तर विश्वस्तांत दिवंगत माणसांची नावं. हे काम आम्ही आजही मनापासून करतो, कारण असा उतारा हातात आला की पुढची पिढी संस्थेत आलीच नाही, हे तिथल्या तिथे दिसतं. आमचं खरं काम तिथून सुरू होतं.

एका बेनचं सांगते. विशेष मुलांसाठीची त्यांची शाळा, तीस वर्षं त्यांनीच उभी केलेली. त्यांना आम्ही एकच काम दिलं. आठवडाभर जो जो निर्णय तुमच्याकडे येईल तो वहीत लिहा, आणि समोर लिहा की तो दुसरं कोण घेऊ शकलं असतं. वही भरली. रिक्षावाल्याचं भाडं, फिजिओथेरपिस्टची रजा, पडद्याचं कापड, एका पालकाची तक्रार, नवं अनुदान. पान उलटत बेन म्हणाल्या, "यातलं अनुदान सोडलं तर बाकी सगळं मीनाक्षी करेल." (नाव बदललं आहे.) मग विश्वस्तांच्या सभेत ठराव झाला आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या चेकवर मीनाक्षीताईंची सही चालू लागली. तरी पहिले काही महिने त्या प्रत्येक चेकआधी बेनना फोन करायच्या आणि बेन म्हणायच्या, "तुला काय वाटतं?" आमच्या मते कोचिंग म्हणतात ते हेच. उत्तर ठाऊक असूनही ते न देणं, आणि समोरच्याने वेगळा निर्णय घेतला तर तो निभावू देणं. मीनाक्षीताईंनी शाळेची वेळ बदलली तेव्हा बेनना ते पटलं नव्हतं. त्या गप्प राहिल्या. ते गप्प राहणं त्यांना किती जड गेलं, ते आम्ही पाहिलं आहे.

या गोष्टी बोलल्या जातात त्या विश्वासावर. म्हणून कोचिंगचा खर्च देणगीदार कंपनी करत असली तरी आतलं बोलणं आम्ही तिला सांगत नाही. ठरलेली उद्दिष्टं आणि झालेल्या बैठका, एवढंच कळवतो. एका कंपनीला हे मान्य नव्हतं, ते काम आम्ही सोडलं.

सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासनावर खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेला देणं बंद झालं. कोरोना चालूच होता. पाठोपाठ प्राप्तिकराच्या 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या जुन्या नोंदण्या नव्याने करायची वेळ आली, त्याही पाच वर्षांच्या मुदतीने. आधी कात्री लागते ती माणसं घडवण्याच्या खर्चाला, आणि याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. मुलांच्या वह्यांना पैसे मिळतात, पण त्या मुलांसाठी राबणाऱ्या बाईने चार गोष्टी शिकाव्यात यासाठी कोणी देत नाही. तेव्हापासून आमची फी संस्थेच्या वार्षिक खर्चावर ठरते, अगदी छोट्या संस्थांना नाममात्र.

"दहा जिल्ह्यांत कधी जाणार?" असं देणगीदार विचारू लागले की आम्ही सयाजीराव महाराजांचा दाखला देतो. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी 1893 मध्ये आधी अमरेली भागात सुरू केलं, सबंध संस्थानात आणलं ते 1906 मध्ये. राज्य हातात असलेल्या माणसाने तेरा वर्षं घेतली.

आता महिन्यातून एकदा दुसऱ्या फळीच्या कार्यकर्त्यांची बैठक घेतो. बोलणं गुजरातीत होतं, मराठी माणसं भेटली की चहाच्या वेळी मराठीत. छोटा उदेपूरच्या कार्यकर्त्यांना त्यासाठी इथवर येणं जमत नाही, आश्रमशाळा सोडून दिवसभर बाहेर राहता येत नाही. येत्या वर्षी ती बैठक तिकडेच घ्यायची आहे. जागा मिळाली आहे. तिथली राठवी ही आदिवासी बोली बोलणारं, संस्था आतून पाहिलेलं कोणी सोबत यायला तयार असेल तर आम्हाला जरूर भेटावं.