मासळीचा भाव आणि पंचांग : खानावळीचं पहिलं वर्ष

10 मे 2024, अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आम्ही कोथरूडमध्ये मालवणी खानावळ सुरू केली. मुहूर्त सासूबाईंनी काढला होता आणि मुहूर्त म्हणून तो उत्तमच होता. फक्त मासळीच्या धंद्याला त्याहून वाईट दिवस शोधूनही सापडला नसता. बरोबर बावीस दिवसांनी 1 जून होता.

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सासर मालवणकडचं. पण घरात त्या बंदीचा अर्थ एवढाच होता की दोन महिने सुकट, सोडे आणि आंबटसर कढी. चाळीस ताटांसाठी रोज मासळी उचलणाऱ्याला ती बंदी काय करते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं. वर शहाणपण असं की मेन्यूकार्ड लॅमिनेट करून घेतलं. सुरमई थाळी 250 रुपये, पापलेट थाळी 350. भाव जणू आम्हीच ठरवत होतो!

माल गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून घ्यायचे. पहाटे पाचला तिथे पोचायचं, पायाखाली बर्फाचं पाणी, आणि भोवती अशी भाषा की मालवणात तीस वर्षं मासे खाऊनही निम्मी कळेना. आमच्याकडे इसवण म्हणतात ती इथे सुरमई, एवढं ठीक. पण पापलेटांत ‘कापरी’ म्हणजे सगळ्यांत मोठं आणि ‘भिला’ म्हणजे चिमुकलं, हे मला पैसे मोजून कळलं. दुसऱ्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याकडून थर्माकोलची पेटी घेतली. वरच्या थरात कापरी, खाली सगळा भिला. परत गेले तर म्हणाला, “ताई, पेटी तुम्ही बघून घेतली.” खरं होतं. मी झाकण उघडून बघितली होती, उपडी करून नाही.

जून लागला आणि दर चढायला लागले. माल अगदीच बंद होत नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे आपली निम्म्यावर यायच्या आत तिकडच्या बोटी सुटतात आणि आंध्रचा माल येतो. शिवाय शीतगृहातला फ्रोझन असतोच. आंध्रचे रहू, कतला तर पुण्यात बाराही महिने असतात, पण मालवणी खानावळीत रहूचं तिखलं वाढलं तर सासूबाई मला घराबाहेर काढतील. मग मी फ्रोझन सुरमईवर आले. गिऱ्हाइकांना तळलेल्या तुकडीत फरक कळला नाही. कालवणात मात्र पहिल्या दिवशी कळला.

आता खरा हिशेब. चार किलोची सुरमई 700 रुपये किलोने घेतली तर 2800 रुपये. डोकं, पोट, शेपूट काढून साधारण तीन किलो उरते. शंभर ग्रॅमच्या तुकड्या पाडल्या की तीस व्हायला हव्यात, पण शेपटाकडच्या चार तुकड्या ताटात वाढण्यासारख्या नसतात. राहिल्या सव्वीस. म्हणजे तुकडी 108 रुपयांना पडली, त्यावर तेल, रवा, गॅस, भात, सोलकढी, दोन बायकांचा पगार. तीच सुरमई हजाराने घेतली की तुकडी 154 वर जाते आणि अडीचशेच्या थाळीत हाती काही लागत नाही. कोळंबीत वाया याहून जास्त. दहा किलो डोक्यासकट घेतली तर सोलून पाचच्या आसपास उरते, त्यामुळे दर ऐकतानाच दुप्पट करून ऐकायचा. पापलेट कागदावर सगळ्यांत महाग, पण त्यात वाया सगळ्यांत कमी जातं. किलोचा दर आणि ताटातला दर यांची ही सांगड मला घालता येईपर्यंत जुलै संपला. तोवर सुमारे साठ हजार रुपये गेले होते. ते दागिन्यांतून आले, पुढे लिहीत नाही.

मग गटारी. त्या वर्षी दीप अमावास्या 4 ऑगस्टला आली, तीही रविवारी. मी मनात म्हटलं, 1 तारखेला बोटी सुटणार, चौथ्या दिवशी बाजार भरलेला असेल. शनिवारी पहाटे गेले तर ओल्या मासळीच्या पाट्या मोजक्या आणि गर्दी जत्रेची. बाजारात ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. “ताई, समुद्राला कायद्याची तारीख कळत नाही. दर्या खवळलेला आहे, बोट गेली तरी माल येईल का? आज घेऊ नका. परवापासून या.”

परवा म्हणजे सोमवार, श्रावणाचा पहिला दिवस. मामांचं ऐकलं आणि गटारीला कोंबडीवडे केले.

पुढचे दोन महिने माझ्यासाठी शाळा होते. श्रावण, मग गणपती, 17 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, दुसऱ्याच दिवसापासून पितृपक्ष, 3 ऑक्टोबरला घटस्थापना. म्हणजे 5 ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंत निम्मं पुणं मांसाहारापासून दूर, आणि नेमक्या ह्याच काळात समुद्र देत असतो. आधी कोळंबी. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवला की पापलेट. 1 सप्टेंबरला पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांना मोकळीक मिळते, 31 डिसेंबरपर्यंत, मग बांगडे आणि तारली अशी येतात की व्यापाऱ्यालाच ती संपवायची घाई. उन्हाळ्यात मी दोनशेच्या वर घेतलेला बांगडा सप्टेंबरच्या एका मंगळवारी नव्वदने मिळाला. गिऱ्हाईक कमी होतं हे खरं, पण आमच्या गल्लीत आयटीवाली पोरं भरपूर, त्यांना कुठला श्रावण!

तेव्हापासून मी वही दोन रकान्यांत लिहिते. एकीकडे तिथी-वार, दुसरीकडे आवक आणि दर. बुधवार, शुक्रवार, रविवार महाग. सोमवार, गुरुवार, संकष्टी स्वस्त, हे कोणीही सांगेल. मामांनी त्याच्या आतलं शिकवलं. बोंबील, मांदेली डोल जाळ्यांत, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत येतात, आणि डोल भरते ती भरती-ओहोटीच्या ओढीने. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे उधाणाला ओढ जोरात, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ओढ मंद, तेव्हा जाळं रिकामं. म्हणून बोंबील-फ्रायचे दिवस मी आता चंद्र बघून ठरवते. संकष्टी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी येते, उधाणाची ओढ पुरती उतरलेली नसते आणि बाजारात मागणी नसते. माझे सगळ्यांत स्वस्त बोंबील मी संकष्टीला घेतलेत. चंद्रोदयाआधी तळले नाहीत, एवढा मान ठेवला.

नोव्हेंबरमध्ये वाटलं, मधला माणूस कशाला, थेट बंदरावरून घेऊ. दापोलीजवळच्या हर्णैला गेलो. समोर सुवर्णदुर्ग, बोटी आत पाण्यात उभ्या, माल छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येतो आणि तिथेच ढीग लावून लिलाव होतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिथे काटा नाही. ढीग डोळ्यांनी जोखायचा. मी एका ढिगाला चोवीस किलो धरून बोली लावली, घरी भरला अठरा. त्यात बर्फ कमी घेतला होता. उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ लागतो, पण मला थंडीचा भरवसा वाटला, आणि थंडी घाटाच्या वर सुरू होते. पुण्यात पोचेपर्यंत खालच्या माशांची पोटं मऊ.

त्या फेरीत डिझेल धरून तोटाच झाला, पण एक मावशी भेटल्या. लिलावात मला हरवून त्यांनी शेजारचा ढीग घेतला होता. “बाय, तू शनवारी आलीस. शनवारी पर्यटक बोली चढवतात. आणि बोली तू नको लावू, मला फोन कर.” आता त्या किलोमागे थोडं ठेवून माल रात्रीच्या टेम्पोने पाठवतात. मी पैसे त्याच दिवशी पाठवते. उधारी आठवड्याची ठेवली की माल चौथ्या गिऱ्हाइकाचा मिळतो, हे गणेश पेठेत शिकलेली आहे.

लॅमिनेटचं कार्ड जाऊन भिंतीवर फळा आला. पहिला महिना भांडणाचा. “काल अडीचशे होती, आज तीनशे कशी?” पुणेकराला दर बदललेला चालत नाही आणि काटेही चालत नाहीत. कर्ली ठेवली तर ताटातून तशीच परत. सौंदाळे मात्र खपले, फळ्यावर ‘काटे कमी’ लिहिल्यावर. भिला मी घेत नाही. ज्या पापलेटाला 2023 मध्ये राज्य मासा केलं, त्याचीच पिल्लं तळायची आणि मग पापलेट महागलं म्हणून रडायचं, हे मला जमत नाही. त्याच वर्षी सरकारने 54 जातींना किमान आकार ठरवून दिलाय, तरी पेट्यांच्या तळाशी भिला असतोच.

मार्चमध्ये शिमग्याला खलाशी गावी गेले आणि चार दिवस सगळं महाग. त्या वेळी वहीत आधीच खूण होती, म्हणून फळ्यावर अंड्याचं सांबार गेलं.

काल 28 मे. मावशींचा फोन आला. “बाय, शेवटची फेरी येतेय. इसवण थोडी आहे, महाग आहे. सोडे चांगले सुकलेत, जवळा पण आहे. काय धाडू?”

“सोडे किती आहेत?”

“तू किती घेशील?”

“सगळे,” मी म्हटलं, आणि फळा पुसायला घेतला.