बाथरूमच्या कपाटाला सागवानी पट्टी

बेसिनखालच्या कपाटाला कडेने लाकडी पट्टी मारायची म्हटलं की लोक आधी डिझाईन बघायला लागतात, गोला घ्यायचा का चपटी, नक्षी हवी का साधी. ते राहू द्या हो, आधी भिंत बघा. कपाट कारखान्यातून गुण्यात, म्हणजे काटकोनात, येतं, भिंत गवंड्याला त्या दिवशी जमली तशी असते, आणि दोघांच्या मधे जी फट राहते ती झाकणं हे पट्टीचं मुख्य काम, शोभाबिभा नंतर.

आमच्या धुळ्याच्या घरात कपाट कोपऱ्यात बसवलंय. वरती एकदम भिंतीला टेकलेलं आणि खाली येता येता चांगली 3 सुताची फट (एका इंचात 8 सूत, म्हणजे बघा किती ते). सुतारकाकांनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, कपाट सरळ शे, भीतच वाकडी शे." घरातून सल्ला आला की सिलिकॉन भरून टाका ना, कशाला एवढा कुटाणा. पण एवढ्या रुंद फटीत सिलिकॉन भरलं की ते जाड ओबडधोबड दिसतं, वर मळ धरून काळं पडतं ते वेगळंच.

लाकूड घरचंच होतं. गावाकडचं धाब्याचं घर उतरवलं तेव्हाच्या सागाच्या तुळया काकांनी गोठ्यात ठेवल्या होत्या, त्यातली एक मागून आणली. वखारीत गेल्यावर पहिला प्रश्न, खिळे काढले का? कारण जुन्या लाकडात एक जरी खिळा आत राहिला तरी त्यांचं पातं जातं. मग लोहचुंबक फिरवून फिरवून सगळे उपटले. कडेचा पांढरट भाग चिरून टाकून दिला, वाळवी आधी तोच धरते, आतलं गडद लाकूड तेलकट असल्याने सहसा वाचतं. आता गंमत अशी की तेच तेल चिकटवताना आडवं येतं, म्हणून गोंद लावायच्या आधी जोडाची जागा थिनरच्या फडक्याने पुसायची आणि लगेच लावायचं, पुसून चहाला गेलात तर पुन्हा आतलं तेल वर येतं. गोंद पाण्यात टिकणाराच घ्या, साधा पांढरा नको. तयार एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) पट्ट्या स्वस्त मिळतात, दिसतात पण छान, पण त्यांच्या कडेला ओल लागली की त्या पाण्यात टाकलेल्या टोस्टसारख्या फुगतात, बाथरूममध्ये मी तरी लावणार नाही.

आता वाकड्या भिंतीचं. भिंतीकडची पट्टी रुंद ठेवायची, ओळंब्यात उभी धरायची, जिथे जास्तीत जास्त फट दिसते तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा घ्यायचा, त्याला पेन्सिल टेकवायची आणि ठोकळा भिंतीला घासत वरून खालपर्यंत आणायचा. भिंतीचा सगळा वाकडेपणा, टाईल्सच्या जोडातले खळगे धरून, पट्टीवर उतरतो. ती रेघ सोडून थोडं बाहेरून कापायचं आणि मग रंधा मारत रेघेपर्यंत यायचं. मागची कड किंचित आत उतरती ठेवली तर पुढची कड भिंतीला गच्च बसते. हे काम करायला मजा येते खरंच, रंध्यातून सागाची पातळ साल निघते आणि सगळ्या घरभर तो वास.

कोपऱ्यातल्या जोडाला सगळे डोळे मिटून 45 अंश कापतात. पण एक पट्टी कलती असली की कोपरा 90 राहतच नाही, मग 45 अधिक 45 कुठून जुळणार. त्यापेक्षा आडवी पट्टी जागेवर धरून दोन्ही कडा पेन्सिलीने आखायच्या, मग उभी धरून तिच्या आखायच्या, रेघा आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जिथे एकमेकींना कापतात ते दोन बिंदू जोडले की कापायची तिरपी रेघ मिळते. अंश मोजायची गरजच नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा मात्र.

पॉलिश पट्टी लावायच्या आधी मारायचं, आणि मागून पण मारायचं, कापलेल्या टोकांना तर दोनतीनदा. लोक पुढून चकाचक करतात आणि मागची बाजू कोरी सोडतात, मग लाकूड मागून पाणी पितं. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड खडखडीत वाळतं आणि जुलैत ओल धरतं, ते लांबीत फारसं हलत नाही पण रुंदीत हलतं, म्हणून रुंद पट्टी दोन्हीकडून घट्ट कोंबून बसवायची नाही. स्क्रू स्टेनलेसचे, लोखंडी असले की गंजाचे तपकिरी ओघळ आलेच. उरलेल्या बारीक फटीत सिलिकॉन सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यावर पॉलिश धरत नाही, आणि जागा कोरडी पाहिजे, त्या दिवशी अंघोळ बादली घेऊन दुसरीकडे.

खालच्या पट्टीचं मात्र वेगळं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, बाथरूममध्ये ड्रम भरलेला, मग तांब्याने सगळीकडे पाणी उडणारच, त्यात बोअरचं पाणी, वाळलं की क्षाराचे पांढरे डाग. म्हणून ती फरशीपासून 2 सूत वर उचलली आणि गोंद अजिबात लावला नाही, नुसते स्क्रू. खराब झाली तर तेवढीच काढून दुसरी लावता येते, आणि प्लंबर आला की त्यालाही हात घालायला जागा होते, नाहीतर तो सरळ पाना घेऊन उपटायला बसतो.