आठ जणांसाठी

काल दुपारपासून एकच गोष्ट मनातून जात नाही. इथे पेनसिल्व्हेनियात न्यू हॉलंडच्या अलीकडे रस्त्याकडेला आमिश लोकांचा, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा, जो शेतमालाचा स्टॉल आहे, तिथल्या बाईंना मी त्यांच्या गोड पीनट बटरची कृती विचारली. त्यांनी कागदी पिशवी सपाट करून तिच्यावर पेन्सिलीने लिहायला घेतले आणि मान वर न करता विचारले, "किती माणसांसाठी?" मी म्हणाले, "आठ."

घरात मी एकटी आहे. हे त्या बाईंना सांगण्यात संकोच वाटावा असे काहीही नव्हते. त्या मला ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी आमिश नसलेला प्रत्येक माणूस 'इंग्लिश', मग तो मिरजेचा का असेना. शिवाय त्यांच्या स्वरात चौकशीही नव्हती. हे पीनट बटर मुळात त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेनंतरच्या जेवणासाठी केले जाते, त्यामुळे दीडशे-दोनशे माणसांचे माप त्यांना पाठ होते आणि ते माझ्यासाठी खाली आणायला एक आकडा हवा होता, इतकेच. तो मी दिला, आणि खोटा दिला. दर दीड-दोन आठवड्यांनी ज्यांच्याकडून बीट आणि अंडी घेते, त्यांच्याशी इतक्या क्षुल्लक गोष्टीत खोटे बोलण्याची मला काय गरज होती?

सकाळी मीनूला फोनवर सांगितले तर ती हसली. "अगं आई, आठ काय नि एक काय, त्यांना काय फरक पडतो?" फरक त्यांना पडत नाही हे मलाही कळते. ह्यांचा चहाचा कप अजून कपाटात पुढेच असतो, पण तो विषय आज नको.

दहा वाजता मी ते करायला घेतले. कृतीत दोन कप ब्राउन शुगर आणि एक कप पाणी उकळी फुटताच उतरवून पूर्ण गार करायचे, एवढेच होते. पण पाक नुसती उकळी आणून उतरवायचा हे माझ्या हाताला पटेना. मी तो आटवला, थेंब चिमटीत धरून तार पाहिली, एकतारी झाल्यावरच गॅस बंद केला आणि वर स्वतःचे कौतुकही केले. मग गार झालेला तो पाक अडीच कप पीनट बटरवर ओतला मात्र, चार-पाच वेढ्यांतच सगळे घट्ट होऊन डावाभोवती गोळा झाले. लाडू वळता आले असते. दाण्याच्या त्या तेलकट लगद्यात थोडेच पाणी गेले की त्यातले कोरडे कण ते शोषून एकमेकांना धरून बसतात आणि आणखी पाणी मिळाल्याशिवाय सुटत नाहीत. त्या बाईंचा पाक पातळ होता तो उगाच नव्हे. मी गरम पाणी चमच्या-चमच्याने घालत राहिले. सहाव्या चमच्यापर्यंत काहीच झाले नाही आणि आठव्याला तो मातकट गोळा एकाएकी सैल होऊन तकाकला. शेवटी मार्शमॅलो क्रीमची दोनशे ग्रॅमची बरणी घातली. ते पांढरे, चिकट प्रकरण चमचा सोडता सोडेना. तयार झाले ते चक्क्यापेक्षा सैल आणि बासुंदीपेक्षा दाट होते.

'पारंपरिक' हा शब्द मी इतकी वर्षे फार भाबडेपणाने घेत होते. आमिश पंथ १६९३ च्या फुटीतून वेगळा झाला, तर हे मार्शमॅलो क्रीम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकले जाऊ लागले. म्हणजे बरणीतला माल अलीकडचा, कारखान्यातला. जुनी आहे ती पंगत. एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी, खळ्यात नाही तर कारखान्याच्या शेडमध्ये सगळे जमतात. बाके घोडागाडीतून या घरून त्या घरी जातात, तीन तासांची प्रार्थना संपली की त्याच बाकांची टेबले होतात. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, एक पंगत उठली की दुसरी. जेवण ठरलेले असते: घरचा ब्रेड, हे पीनट बटर, चीज, काकडी आणि बिटाचे लोणचे, वाळवलेल्या सफरचंदांचा पाय, कॉफी. पंचवीस-तीस कुटुंबे असल्यामुळे एकेका घराची पाळी वर्षातून साधारण एकदाच येते, आणि पाळी कुणाचीही असो, पदार्थ तेच. यजमानीण बाईने आपली करामत दाखवायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

डाव निथळत असताना मला आठ हा आकडा कुठून आला ते कळले. आमच्या भिशीत आठ जणी होत्या.

टाळेबंदीमुळे भिशी बंद पडली असे आम्ही सगळ्याच म्हणतो. गेली कितीतरी वर्षे मी हेही म्हणत आले आहे की आता माझ्याकडे कुणी येत नाही, आणि ते म्हणताना डोळ्यांत पाणी आणण्याची सोयही मी करून ठेवली आहे. पण भिशी पोहे आणि चहावर सुरू झाली होती. मग कुणीतरी साबुदाणा वडे केले आणि पुढच्या महिन्यात दहीवडे आणि बासुंदी करणारी मी होते. त्यानंतर चार पदार्थांखाली कुणी उतरले नाही. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी, कुणाचे पाहुणे अशा कारणांनी पाळ्या पुढे ढकलल्या जाऊ लागल्या, त्या टाळेबंदीच्या बरेच आधी. शकूताई एकदा म्हणाल्याही होत्या, "तुझ्यानंतर माझी पाळी नको गं ठेवूस." मी ती तारीफ समजले होते. बासुंदी चांगली झाली होती, हे मात्र खरे आहे.

मोजून सहा कप भरले. चार बरण्या. त्यांचे आठ जण कोणत्या भुकेचे असतात कोण जाणे. मी उभ्याउभ्याच कालच्या पोळीला लावून खाल्ले. चव शेंगदाण्याच्या चिक्कीची, फक्त दातांना काम नाही.

दुपारी तीनला जुना भिशीचा ग्रुप शोधून काढला आणि लिहिले: "येत्या रविवारी माझ्याकडे या. ब्रेड, शेंगदाण्याचे एक गोड प्रकरण, लोणचे आणि कॉफी. याशिवाय काहीही करणार नाही." शकूताई अंडे खात नाहीत आणि मार्शमॅलो क्रीममध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, तेव्हा त्यांच्यासाठी ते न घालता वाटीभर वेगळे करावे लागेल. हा एक अपवाद.

दोघींनी नुसते अंगठे पाठवले. चौघींनी अजून पाहिलेले नाही. शकूताईंचे उत्तर मात्र पाच मिनिटांत आले: "नुसता ब्रेड कसा गं? मी बटाटेवडे आणते."

"नका आणू" असे दोनदा लिहिले आणि दोनदा पुसले. चटणी कोणती करावी, याचा विचार अजून सुरू आहे.