लॉगमधली ओळ थेट शेलला देऊ नका

एसएसएचवर (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या वाटेवर) कोणी पासवर्ड मारत बसलाय असं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दिसलं की त्याचा आयपी ब्लॉक व्हावा, लाईट गेली-आली आणि सर्व्हिस पडली की ती आपोआप उठावी, असं पावसाळ्यात गोव्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या सगळ्यांनाच वाटतं. लॉग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या लॉगस्टॅशमध्ये त्यासाठी कमांड चालवणारं एक्झेक आउटपुट आहे, ते प्लगइन वेगळं टाकावं लागतं, आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरणच आयपीटेबल्सचं (लिनक्सच्या फायरवॉलचं) आहे, म्हणजे लॉगमधून क्लायंटचा आयपी उचलायचा आणि कमांडमध्ये चिकटवायचा.

माझा विरोध त्या चिकटवण्याला आहे. लॉगमध्ये काय उमटेल हे बऱ्याचदा बाहेरचा माणूस ठरवतो. युजर एजंट (ब्राउझर स्वतःची सांगतो ती ओळख) तो पाठवेल तो, एसएसएचला दिलेलं भलतंसलतं युजरनेमही लॉगमध्ये येतं, आणि त्यात कोणी सेमीकोलन टाकून पुढे आरएम (फाइल पुसायची कमांड) लिहिलं तर कमांड चालवणारं शेल बिचारं ते चालवणारच. 2021 च्या डिसेंबरमधलं लॉगफोरशेल (जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीतलं भगदाड) आठवा, तिथे तर शेलही मधे नव्हतं, लॉग लिहिणारी लायब्ररीच त्या मजकुरावर विश्वास ठेवून बाहेरून कोड आणायला निघाली.

दुसरा त्रास लॉगच्या पुराचा. वेर्ण्याला एका ठिकाणी पाहिलं, रात्रभर गडगडाट, लिंक सारखी खाली-वर, आणि सकाळी किबानाचा (लॉग आलेखात दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) आलेख एका ठराविक मिनिटापासून पुढे सरळ रिकामा. सगळे म्हणाले सर्व्हर गेला. पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर लॉगस्टॅशखाली रिस्टार्टची स्क्रिप्ट लटकलेली, पलीकडच्या डेटाबेसची वाट बघत. एक्झेक कमांड संपेपर्यंत थांबतं आणि त्याला टाइमआउट नाही, त्यामुळे एक कमांड अडकली की मागची सगळी पाइपलाइन तुंबते, आणि नेमकी हवी असलेली ओळही मागेच राहते. शिवाय रिस्टार्ट स्वतः लॉग लिहितो, तो परत नियमात बसला की चक्र सुरू.

म्हणून मला आरसिसलॉगचं (लिनक्सवर लॉग सांभाळणाऱ्या सर्व्हिसचं) ओएमप्रोग हे मॉड्यूल आवडतं. ते आपला प्रोग्राम एकदा सुरू करतं आणि ओळी स्टँडर्ड इनपुटवर देत राहतं, प्रत्येक ओळीला नवीन प्रोसेस नाही. प्रोग्राम पायथनमध्ये लिहा, आयपी खरंच आयपी आहे का ते तपासा, ऑफिसचा गेटवे आणि स्वतःचे पत्ते आधी वगळा (कोणी लॉगमध्ये खोटा आयपी घुसवून तुमच्याच हाताने तुम्हाला बाहेर काढू शकतो), मग सबप्रोसेसला (पायथनमधून कमांड चालवणाऱ्या मॉड्यूलला) आर्ग्युमेंटची यादी द्या, शेल मधे नकोच. कमांडपुढे टाइमआउट लावा, आणि एकच काम दोनदा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (फाइलवर कुलूप लावणारी कमांड). लॉगस्टॅशच ठेवायचं असेल तर निदान सारख्या येणाऱ्या ओळींना आवर घालणारा थ्रॉटल फिल्टर तरी लावा.

नुसतं एसएसएचच असेल तर फेलटूबॅन (लॉग बघून आयपी ब्लॉक करणारा तयार प्रोग्राम) घ्या, उगीच नवीन काही बांधू नका. 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की 10 मिनिटं बंदी, असं त्याचं मूळ सेटिंग आहे, आणि बंदी आपोआप सुटते हे मला फार मोलाचं वाटतं. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये लोक ब्लॉक करतात, सोडवायचं कोणी लिहीतच नाही.

हे सगळं रूटखाली (सगळे अधिकार असलेल्या युजरखाली) चालवू नका हो. वेगळा युजर करा, सुडोअर्समध्ये (कोणाला काय रूट म्हणून चालवता येईल त्या फाइलमध्ये) त्याला ती एकच स्क्रिप्ट द्या. आणि पहिले काही दिवस कमांड खरी न चालवता लॉगरने (लॉगमध्ये ओळ टाकणाऱ्या कमांडने) फक्त लिहून ठेवा, टॅग वेगळा द्या आणि तो टॅग फिल्टरमधून वगळा, नाहीतर तीच ओळ परत आत येईल.