गवतावर चालू नये

गवतावर पाय ठेवायला मला अजून जमत नाही. परवानगी आहे, हे ठाऊक आहे. लंडनच्या हाइड पार्कात ऊन पडलं की दुपारी अर्धं शहर गवतावर लोळत असतं. टाय सैल करून डबा खाणारे, बूटमोजे उशाला घेऊन पालथे पडलेले, पुस्तक तोंडावर ठेवून घोरणारे. ह्यांनीही चपला काढल्या आणि खुशाल मांडी घातली. मी डांबरी वाटेच्या कडेला उभी. "अगं, ये की!" हे म्हणाले. मी एक पाय उचलला आणि कानात शिट्टी वाजली.

शिट्टी आमच्या गावच्या माळीमामांची. त्यांना जाऊन तीसेक वर्षं तरी झाली असतील.

नगरपालिकेची बाग म्हणजे तेव्हा काय, गवताचे चार त्रिकोण आणि मधोमध कारंजं. त्रिकोणांना तिरक्या विटांची दातेरी किनार, विटांना चुना, बाहेरून मेंदीचं कुंपण. कारंजं पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला उडायचं. एरवी त्यात शेवाळ आणि बेडकांची पिल्लं. एका खांबावर भोंगा होता, संध्याकाळी त्यातून आकाशवाणीच्या बातम्या लागायच्या. त्या ऐकायला म्हातारे बाकांवर बसलेले असत. आम्ही पोरं वाटेवर. पत्र्याच्या तीन पाट्या होत्या: 'गवतावर चालू नये', 'फुले तोडू नयेत' आणि 'येथे थुंकू नये'. तिसरी कुणी पाळत नसे. पहिल्या दोन पाळून घ्यायला माळीमामा होते.

खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. पाठमोरे बसून खुरपत असले तरी गवतावर पाऊल पडलं की त्यांना कसं कळायचं देव जाणे. चेंडू गवतात गेला तर आमच्यातल्या एकाने जाऊन "मामा, चेंडू" एवढंच म्हणायचं. मग ते उठायचे, विटांपाशी वहाणा काढायचे आणि अनवाणी आत जाऊन चेंडू आणून द्यायचे. वहाणा काढल्याशिवाय ते कधी गवतात गेलेले मला आठवत नाहीत. याबद्दल त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. हरळीच होती ती, दुसरं काय.

तर लंडन. लेकीकडे उन्हाळ्यात राहायला आलो की पहिले दिवस बरे जातात, मग ती ऑफिसात, जावई ऑफिसात, नात शाळेत आणि आम्ही दोघं खिडकीत. तिनेच सुचवलं. "आई, एक सोपी वाट आहे. जमिनीत गुलाबाच्या चकत्या बसवल्यात, त्यांच्या मागेमागे जायचं. हरवणार नाही तुम्ही." ही वाट राजकन्या डायनाच्या आठवणीसाठी 2000 साली आखली. सात मैल, म्हणजे अकरा किलोमीटर, चार राजबागांतून: केन्सिंग्टन गार्डन्स, हाइड पार्क, ग्रीन पार्क आणि सेंट जेम्स पार्क. चकत्या एकूण 90. गुडघ्यांमुळे मी खाली बघूनच चालते, त्यामुळे चकत्या मला भराभर दिसतात, आणि शेजारून राजवाडा निघून जातो. ह्यांचं उलट. आमच्या दोघांची मिळून एक सहल होते.

सुरुवात केन्सिंग्टनपासून. 1819 साली व्हिक्टोरिया राणी ज्या वाड्यात जन्मली तो वाडा, समोर गोल तळं, तळ्यावर हंस. इथवर सगळं कॅलेंडरावरच्या चित्रात असतं तसं. मग झाडीत शिरलो आणि ओळखीचा कलकलाट ऐकू आला. पोपट! आपलेच. लाल चोच, गळ्यात कंठी, लांब शेपूट, आणि वागणूकही तीच. माणसं हातात सफरचंदाची फोड धरून उभी राहतात आणि हे येऊन मनगटावर बसतात, डोक्यावरही बसतात. खायला घालू नका म्हणून उद्यानवाले विनवतात, पण ऐकतो कोण. थुंकण्याच्या पाटीची गत. हे पोपट लंडनला आले कसे याच्या कथा पुष्कळ. जिमी हेंड्रिक्स नावाच्या गिटारवाल्याने जोडी सोडली, अशीही एक आहे. मला ती फारशी पटली नाही. आलेत, राहिलेत, थंडी सोसतात, पिल्लं काढतात. आणखी काय कागदपत्रं मागायची त्यांच्याकडे? फांदीवरच्या एकाला मी हळूच "विठू, विठू" म्हणून पाहिलं. त्याने मान तिरकी केली, क्षणभर बघितलं आणि उडाला. नात अशीच बघते, मी पाढे म्हणायला लागले की.

हाइड पार्कातलं सर्पेंटाइन तळं म्हणजे खरं तर अडवलेली वेस्टबोर्न नदी. 1730 साली कॅरोलाइन राणीच्या हौसेखातर तिला बांध घातला. हे मला ह्यांनी उभं राहून सांगितलं. ह्यांना पाणी दिसलं की क्यूसेक आठवतात. सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. मला त्या तळ्यापेक्षा तिथल्या झाडांची गोष्ट आवडते. 1851 साली या बागेत मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी काचेचा प्रचंड महाल उभारला. जागेवर उंच एल्मची झाडं होती. ती तोडायची म्हटल्यावर लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा मधल्या भागाला काचेची कमान चढवून झाडं तशीच्या तशी आत घेतली. राणी, राजदूत, कोहिनूर हिरा आणि ती झाडं, सगळे एकाच छपराखाली. आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वड होते. रुंदीकरणात एका उन्हाळ्यात सगळे गेले. त्यांच्यावर कुणी काच बांधा असं म्हणत नव्हतं, रस्ता थोडा वाकडा चालला असता.

तिथे कापडी खुर्च्या मिळतात, पट्ट्यापट्ट्यांच्या, पाठ टेकायच्या. मी बसायला गेले तर भाडं. गवत फुकट आणि खुर्चीला पैसे! ह्यांना केवढा आनंद झाला. "बघ, तुझ्या माळ्याने तुला इथे खर्चात घातलं." मी बाकावर बसले. बाकाला भाडं नाही.

खरं तर इथल्या गवतालाही एके काळी शिट्टी होती. आठव्या हेन्रीने 1536 साली ही जमीन मठवाल्यांकडून घेतली ती हरणांची शिकार करायला. सामान्य माणसाला दार उघडलं 1637 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच बागेत भाजीचे वाफे केले होते, डुकरं पाळली होती. गवत नुसतं बघायला ठेवणं कुठल्याही गावाला नेहमी परवडतं असं नाही.

'फुले तोडू नयेत'ची गोष्ट मात्र ग्रीन पार्कातली. ही पुढची बाग, पण तिचं आत्ताच सांगून टाकते. या बागेत फुलांचे वाफे नाहीत. वसंतात डॅफोडिल्स येतात तेवढीच, बाकी झाडं आणि हिरवळ. का, तर आख्यायिका अशी की दुसरा चार्ल्स राजा इथे फुलं खुडताना सापडला आणि ती फुलं राणीसाठी नव्हती. राणीने हुकूम काढला: एक रोप ठेवू नका, आणि परत लावू नका. खरं-खोटं राजवाड्याला ठाऊक. पण राणी कोण? ब्रागान्झाची कॅथरिन, पोर्तुगालची. जिच्या लग्नाच्या तहात, 1661 साली, पोर्तुगिजांनी मुंबई आंदण दिली ती. राजाने मुंबई थोडी वर्षं सांभाळली आणि 1668 मध्ये कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. इथे मी ह्यांना थांबवून म्हटलं, बघा, बाईने हुंड्यात अख्खी मुंबई आणली आणि ह्याला तिच्यासाठी चार फुलं खुडता आली नाहीत. हे म्हणाले, "भाव कमी आला." मुंबईचा म्हणत होते.

मला त्या राणीबद्दल फार वाटतं. परक्या देशात, परक्या भाषेत, नवऱ्याच्या भानगडी सगळ्या दरबाराला तोंडपाठ. भांडली असती तर लोक हसले असते. तिने माळ्याला बोलावलं. आमच्या माळीमामांनी पाटीवर भागवलं. हिने फुलंच काढून टाकली, म्हणजे पाटीची गरज उरली नाही. आज तिथून जाताना तुम्हाला नुसतं हिरवं हिरवं दिसतं, आणि माहीत नसेल तर वाटतं की किती साधी बाग आहे.

पण ग्रीन पार्कात शिरण्याआधी हाइड पार्क कॉर्नर लागतो आणि तिथे आमचं तासभर अडलं. कोपऱ्यावर अॅप्सली हाउस आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं घर. समोर तो स्वतः घोड्यावर. वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवलं तो. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा आपला असईचा." जालना जिल्ह्यातलं असई. 23 सप्टेंबर 1803 ची लढाई, समोर दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले. तेव्हा तो ड्यूक नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं की रणांगणावरची तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर वॉटर्लू नव्हे, तो 'असई' म्हणाला, असं सांगतात. त्या घरात चांदीवर सोन्याचं पाणी चढवलेला भांड्यांचा एक संच आहे, त्याचं नाव दख्खनचं. बरोबरच्या अधिकाऱ्यांनी दिलेला. आपल्याकडे लग्नात भांड्यांवर नावं घालतात, त्यातलाच प्रकार. शिंद्यांच्या तोफा काय होत्या, गोलंदाज जागेवरून कसे हलले नाहीत, हे सगळं ह्यांनी फुटपाथवर उभं राहून, हातवारे करून सांगितलं. एका पर्यटक बाईने मला विचारलं, हे गाइड आहेत का? मी हो म्हटलं.

रस्ता ओलांडला की कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी दगडी खांब आहेत, चार, वर कांस्याचे कलश. 2002 साली उभारले. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या 50 लाख माणसांसाठी. त्यांच्या शेजारी, ग्रीन पार्काच्या कडेला, एक छत्री आहे. आपल्याकडे असते तशीच, खांबांवर घुमट. तिच्यात उभं राहून मान वर केली की आतल्या बाजूला नावं कोरलेली दिसतात, व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदकं मिळालेल्यांची. सकाळपासून मी जमिनीकडे बघत आले होते. इथे चकतीचा उपयोग नव्हता.

यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तो सोडून बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावत त्या मशीनगनवर गेला, हातबॉम्ब टाकला, बंदूक बंद पाडली. गोळ्या संपल्यावर दस्त्याने मारलं. मग लपलेल्यांच्या गोळ्या त्याला लागल्या. वय 22. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर त्याचं नाव आहे, कारण नाव घालायला कबर नाही. माणगावात पुतळा आहे. कोकणात जाताना माणगावला गाडी अडकते, नेहमीच अडकते, आणि आम्ही खिडकीतून वडापाव घेतो. इतक्या वर्षांत मी तो पुतळा बघायला उतरलेली नाही.

आणखी एक नाव बघायचं होतं, नामदेव जाधव. त्याच रेजिमेंटचे. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. जाधव जगले, घरी आले. नावं इंग्रजी अक्षरांत, गोल फिरत कोरलेली, मानेला रग लागते.

ह्यांनी घड्याळ बघितलं. सेंट जेम्स पार्कात पेलिकन आहेत, पहिले रशियाच्या राजदूताने दुसऱ्या चार्ल्सला भेट दिलेले, आणि अडीच वाजता त्यांना मासे घालतात. ते बघायचं सकाळपासून ठरलेलं. एका पेलिकनाने एकदा अख्खं कबूतर गिळलं होतं म्हणे. "चल, उशीर होईल."

"थांबा जरा," मी म्हटलं. "जाधव सापडायचेत. पेलिकन 1664 पासून आहेत तिथे, उद्याही असतील."